काच कुठे आणि चित्र कुठे

घराची शेताकडची अख्खी भिंत काचेची करायची आणि समोरच्या भिंतीवर चित्रं लावायची, ही तुमची कल्पना देखणी आहे, पण चित्रांच्या मुळावर येणारी. अमेरिकन वास्तुविशारद फिलिप जॉन्सनने 1949 साली स्वतःसाठी काचेचं घर बांधलं, आणि चित्रांसाठी मात्र 1965 मध्ये त्याच आवारात मातीच्या उंचवट्याखाली वेगळं दालन केलं! तिथे चित्रं फिरत्या फलकांवर आहेत, त्यामुळे थोड्या जागेत बरीच मावतात. ही युक्ती घरातही चालेल.

काच हवीच असेल तर ती बैठकीला द्या, चित्रं उजेडाच्या थेट माऱ्याबाहेर ठेवा. उत्तर गोलार्धात उत्तरेचा उजेड सर्वांत शांत. कागदावरच्या कामांना साधारण 50 लक्स (उजेड मोजायचं एकक), तैलरंगांना 200 पर्यंत, असा संग्रहालयांचा दंडक; काचेलगतचा दिवसाचा उजेड सहज हजारांत जातो. अतिनील किरण अडवणारी फिल्म लावली तरी रंग उडायचे थांबत नाहीत, फक्त वेग कमी होतो. दिव्यांचा सीआरआय, म्हणजे त्यांच्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा 100 पैकी आकडा, 90 च्या वर बघा.

जिप्सम बोर्डामागे प्लायवूड टाकून घ्या, म्हणजे खिळा कुठेही ठोकता येतो. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर कागदावरची कामं नकोतच. चित्राचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंमी.

आणि हो, दरवाजे! समकालीन कामं कधीकधी अवाढव्य असतात. कॅनव्हास आत येईल का, जिन्यावर वळेल का, हे नकाशावरच मोजा.