मदत हवी आहे: वाघ्याचं थोबाड सुजलं होतं

मंडळी, आमचा वाघ्या गावरान कुत्रा, ४ वर्षांचा. पोळ्याच्या सुमारास दरवर्षी पंजे चाटून लाल करतो. वावरातून आला की पाय धुऊन कोरडे करायचे, गोचीड काढायचे, तेवढ्यानं भागायचं. काल मात्र पराटीत (कपाशीत) गांधीलमाशी चावली अन् अर्ध्या तासात थोबाड फुगलं, अंगभर गांधी. ओठ वर करून पाहिलं, हिरड्या गुलाबी होत्या, म्हणून जीव भांड्यात पडला. रात्री सूज उतरली.

धाप लागली, उलट्या झाल्या, हिरड्या पांढऱ्या पडल्या तर थांबायचं नाही, हे ठाऊक आहे. पण दवाखाना तालुक्याला, १९६२ नंबरला फोन केला की येणारी जनावरांच्या डॉक्टरांची गाडी यायलाही वेळ लागतो. तोवर काय करावं? माणसांची अ‍ॅलर्जीची गोळी सेट्रिझिन कुणी डॉक्टरांना विचारून दिली आहे का? किती? शेजारी हळद लावा म्हणतात, हा ती चाटूनच टाकतो.