मदत हवी आहे: आयुष्यभर ख्याल ऐकलेल्या बाबांना बेथोव्हेनची नववी सिंफनी

नमस्कार मंडळी,

नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्राच्या जमशेद भाभा नाट्यगृहात पाश्चात्त्य संगीताच्या हंगामाची सांगता बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीनं होणार आहे. पूर्ण वाद्यवृंद, चार गायक आणि मागे मोठा गायकवृंद. बाबांना घेऊन जाणार आहे. वय पंचाहत्तरच्या पुढे, भीमसेनजी आणि किशोरीताईंवर पोसलेला कान. अशा मैफलीला ते पहिल्यांदाच येतायत आणि त्यांना ती मनापासून आवडावी अशी माझी फार इच्छा आहे.

एखादी जागा सुरेख लागली की बाबांच्या तोंडून ‘क्या बात है’ निघतंच. इथे सिंफनीचे चारही भाग संपेपर्यंत, म्हणजे साधारण ७० मिनिटं, टाळीसुद्धा नाही. नुसतं ‘गप्प बसायचं’ म्हटलं तर ते अवघडतील. ही शिस्त नंतरची आहे, हे त्यांना सांगणार आहे. १७७८ मध्ये पॅरिसला आपली सिंफनी चालू असतानाच टाळ्या पडल्या, हे संगीतकार मोत्सार्टनं स्वतः वडिलांना मोठ्या आनंदानं कळवलं होतं. दाद देणारा श्रोता त्यांच्याकडेही होताच, एवढं कळलं तरी बाबांना परकं वाटणार नाही.

खरी मदत हवी आहे ती कानाच्या तयारीसाठी. एका सुरावटीमागे जाणाऱ्या माणसानं एकाच वेळी चालणाऱ्या चार-पाच सुरावटींत काय धरून ठेवायचं? आधी संथ तिसरा भाग ऐकवावा असं मला वाटतंय. मग चौथ्यातली ती जागा, जिथे चेलो आणि डबल बास ही खर्जातली तंतुवाद्यं आनंदगीताची, म्हणजे गायकवृंद पुढे गातो त्या गाण्याची, चाल अगदी हळू, एकट्यानं वाजवतात. नंतर एकेक वाद्य येऊन मिळतं आणि बऱ्याच वेळानं माणसाचा आवाज लागतो. हा विस्तार बाबांना पटकन उमगेल. पण तेवढंच आधी ऐकवलं तर प्रत्यक्षातला थरार कमी होईल का? ज्यांचा कान हिंदुस्थानी संगीतात घडला आणि जे नंतर इकडे वळले, त्यांनी आपला अनुभव जरूर लिहावा.

अजून एक, बाबांचे गुडघे दुखतात. कमी पायऱ्या चढून गायकवृंद नीट ऐकू येईल अशी जागा कुठली? आणि कार्यक्रम सुटल्यावर चर्चगेटपर्यंत टॅक्सी सहज मिळते का? पुढे बोरिवली लोकल आहेच.