मदत हवी आहे: साखळी ढकलते, मग पोकळी का ओढते?

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एम.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, माझ्या जुन्या मराठी शाळेत नववी-दहावीच्या मुलांपुढे बोलायचंय. कॅसिमिर परिणाम हा विषय मीच मागून घेतला आणि आता अडकलेय.

१९४८ साली हेंड्रिक कॅसिमिर या डच भौतिकशास्त्रज्ञांनी गणिताने दाखवलं की निर्वात पोकळीत धातूचे दोन पत्रे समोरासमोर ठेवले, तर विद्युतभार नसतानाही ते एकमेकांकडे ओढले जातात. पोकळीतलं विद्युतचुंबकीय क्षेत्र कधीच पूर्ण शांत नसतं, आणि पत्र्यांच्या मधे त्याच्या चुळबुळीला, म्हणजे लाटांना, जागा कमी पडते. दाब इवलासा असतो. एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतरावर तो हवेच्या दाबाच्या साधारण आठ कोटीव्या हिश्शाइतका भरतो. पण अंतर निम्मं केलं की तो सोळा पट होतो.

मुलांना हातात धरता येईल असं काहीतरी हवं, म्हणून तुळशीबागेतून बारीक मण्यांची माळ आणली. ताटात सोडून ताट हलवलं की ती कशीही वळते. दोन फूटपट्ट्यांच्या मधे ठेवली की वळायला वाव उरत नाही, आणि पट्ट्या हळूहळू बाहेर सरकतात. पॉलिमरची, म्हणजे लांबलचक रेणूची, साखळीही चिंचोळ्या फटीत अशीच वागते: शक्य आकार कमी होतात, एन्ट्रॉपी (किती प्रकारे वळता येईल याचं माप) घटते, साखळी भिंती ढकलते.

घोळ इथेच आहे. जागा दोन्हीकडे कमी पडते, मग माळ ढकलते आणि पोकळी ओढते, असं का? "बाहेर लाटा जास्त, आत कमी" असं सांगितलं तर एखादी मुलगी नक्की विचारेल, दोन्हीकडे अनंतच ना? तिला मला खोटं उत्तर द्यायचं नाहीये.

प्रतिसाद १:
ताई, तुमची माळ कोंडलेली आहे, तिला बाहेर पडायला वाटच नाही. त्याऐवजी पॉलिमरच्या द्रावणात दोन पत्रे बुडवले असं समजा. फट साखळीच्या गुंडाळीपेक्षा अरुंद झाली की साखळ्या आत शिरत नाहीत, बाहेरच्यांचा दाब तेवढा उरतो आणि पत्रे जवळ येतात. असाकुरा आणि ओसावा या जपानी शास्त्रज्ञांनी हे १९५४ मध्ये मांडलं. साखळी तीच, बलाची दिशा उलटी.

पोकळीतही फटीतली एकेकटी लाट बाहेरच ढकलते, कारण फट अरुंद झाली की तिची ऊर्जा वाढते. ओढ येते ती आत-बाहेरचा सगळा हिशेब केल्यावर. दोन्ही बेरजा अनंत, पण त्यांची वजाबाकी सान्त (मर्यादित) उरते आणि समांतर पत्र्यांसाठी ती ऋण येते. नेहमी ऋणच येईल असं मात्र नाही. १९६८ मध्ये बॉयर या भौतिकशास्त्रज्ञांनी धातूच्या पोकळ गोळ्याचं गणित केलं, तेव्हा बल बाहेरच्या दिशेने आलं.

आणि हे जरूर दाखवा: ताट हलवणं थांबवा, माळ गप्प बसेल. ताट हलवणं म्हणजे इथे तापमान, आणि साखळीच्या सूत्रात ते असतं. कॅसिमिरच्या सूत्रात तापमान नाही, प्लँकचा स्थिरांक (क्वांटम भौतिकीतला मूळ आकडा) आणि प्रकाशाचा वेग आहे. पोकळी शून्य केल्व्हिनलाही, म्हणजे तापमानाच्या सगळ्यात खालच्या टोकालाही, गप्प बसत नाही.

धागाकर्ती:
मनापासून आभार! माळ कोंडलेली आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता ताटात सुट्या आखूड माळा पसरते आणि पट्ट्या मधोमध उभ्या करते. किती माळा लागतील, कुणी करून पाहिलंय का?