मदत हवी आहे: सिरॉसिस, ईएफ ६५ टक्के, तरी हृदयाची काळजी करावी का?

बाबांना लिव्हर सिरॉसिस आहे. पोटात पाणी होतं, काढावं लागतं. यकृत प्रत्यारोपणाच्या तपासण्या चालू आहेत. टू-डी इकोत (हृदयाची सोनोग्राफी) ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय बाहेर ढकलतं त्या रक्ताचं प्रमाण, ६५ टक्के आला, त्यामुळे हृदयाच्या डॉक्टरांनी "पंपिंग उत्तम" म्हणून सोडलं. यकृताचे डॉक्टर मात्र ‘सिरॉटिक कार्डिओमायोपॅथी’ची (सिरॉसिसमुळे हृदयाच्या स्नायूत येणारा बिघाड) शक्यता आहे म्हणाले.

वाचून एवढं कळलं की सिरॉसिसमध्ये रक्तवाहिन्या, विशेषतः आतड्यांकडच्या, सैल पडतात. हृदयाला कमी दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं, म्हणून ईएफ छान दिसतो. खरी ताकद कळते ती जंतुसंसर्ग झाला, रक्तस्राव झाला, टिप्स (यकृतातून रक्ताला थेट वाट देणारी नळी) बसवली किंवा प्रत्यारोपणात नव्या यकृतातून रक्त एकदम हृदयाकडे आलं, की. म्हणून नुसत्या ईएफवर माझा भरवसा बसत नाही.

या आजाराच्या २०१९च्या निकषांत डायस्टोलिक बिघाड (हृदय सैल होऊन रक्त भरून घेण्यातला दोष) धरायला इकोतल्या चारपैकी तीन गोष्टी लागतात: सेप्टल ई-प्राइम (हृदयाचा स्नायू सैल होण्याचा वेग) ७ पेक्षा कमी, ई/ई-प्राइम (हृदय भरतानाच्या दाबाचा अंदाज) १५ किंवा जास्त, डाव्या कर्णिकेचा (हृदयाचा डावा वरचा कप्पा) व्हॉल्यूम इंडेक्स ३४ च्या वर, टीआर व्हेलॉसिटी (उजव्या झडपेतून उलट गळणाऱ्या रक्ताचा वेग) २.८ च्या वर. बाबांचा ई-प्राइम ८, म्हणजे तो ठीक. ई/ई-प्राइम १६ आणि कर्णिका ३८, हे दोन्ही जास्त. टीआर व्हेलॉसिटी रिपोर्टमध्ये लिहिलेलीच नाही! निकाल त्याच आकड्यावर अडलाय. शिवाय फुप्फुसातल्या रक्तदाबाचा अंदाजही त्यावरूनच घेतात, आणि प्रत्यारोपणाआधी तो कळायलाच हवा. स्ट्रेनही (हृदयाचा स्नायू किती आखडतो याचं मोजमाप) केलेला नाही.

ज्यांच्या घरी हे झालंय किंवा जे या क्षेत्रात आहेत, त्यांनी कृपया सांगा. इको परत करून घ्यायचा तर पोटातलं पाणी काढण्याआधी की नंतर? पोट ताणलेलं असताना आकडे बदलत असतील ना?

दुसरं, औषधांचं. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी प्रोप्रानोलॉल चालू आहे आणि वरचं बीपी आता ९५ च्या आसपास असतं. ९० च्या खाली गेलं तर डोस कमी किंवा बंद करतात हे माहीत आहे, पण हृदयाचा असा रिपोर्ट असताना तुमच्या डॉक्टरांनी आधीच काही बदल केला का? ईसीजीत क्यूटीसी (ठोक्यातल्या हृदयाच्या विद्युत चक्राचा वेळ) ४८० आहे आणि पोटातल्या पाण्याला संसर्ग होऊ नये म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन देतात. त्याने क्यूटी आणखी लांबू शकतो, म्हणून मी जास्त धास्तावलोय. डॉक्टरांना विचारणारच आहे, औषध स्वतःहून बंद करणार नाही.

आणि प्रत्यारोपणानंतर हृदय सुधारतं म्हणतात. तुमच्या माणसाचा नंतरचा इको कसा आला?