झुकत्या जपानी मेपलची पाने करपत आहेत आणि बुंध्यापासून हिरव्या काड्या फुटत आहेत: मार्गदर्शन हवे

एडिसनवासी:
न्यू जर्सीतील एडिसन येथे आम्ही दोन वर्षांपूर्वी घर घेतले, तेव्हा पुढच्या अंगणात झुकत्या फांद्यांचा एक जपानी मेपल आधीपासूनच होता. खालच्या फांदीला अडकवलेल्या जुन्या पट्टीवर 'क्रिमसन क्वीन' असे नाव आहे. उंची माझ्या खांद्याएवढी, पसारा मात्र सात-आठ फुटांचा, आणि जाळीसारखी बारीक चिरलेली किरमिजी पाने जवळजवळ जमिनीला टेकलेली. घर पसंत पडण्यामागे या झाडाचाही वाटा होता, म्हणून आता जीव खालीवर होतो आहे.

जुलैच्या मध्यापासून पश्चिमेकडच्या, म्हणजे गाडी लावण्याच्या डांबरी जागेकडच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्या आहेत. शिवाय बुंध्याजवळून चार काड्या सरळ वर आल्या असून त्यांची पाने हिरवी आणि पंजासारखी रुंद आहेत. माझी आई साताऱ्याहून आली आहे. ती रोज संध्याकाळी झारीने पाणी घालते आणि हिरव्या काड्याच सर्वांत जोमदार असल्यामुळे त्या कापू देत नाही. मे महिन्यात हिरवळीसाठी आणलेले खत मी याच्याही मुळाशी घातले होते. वर्टिसिलियम नावाच्या रोगाबद्दल वाचल्यापासून धास्ती वाटते. झाड वाचवण्यासाठी नेमके काय करावे?

खुरपे:
तुमच्या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत, म्हणून आधी हिरव्या काड्यांविषयी लिहितो. बारीक पानांचे हे झुकते प्रकार बियांपासून हुबेहूब येत नाहीत, त्यामुळे साध्या जपानी मेपलच्या रोपावर त्यांचे कलम बांधतात. हापूसचे कलम रायवळ आंब्याच्या खुंटावर बांधतात, तसेच हे आहे. कलमाच्या जोडाखालून जे फुटते ते खुंटाचे असते. तुमच्या आईंनी काड्यांचा जोम अगदी बरोबर ओळखला आहे, परंतु तो जोम क्रिमसन क्वीनचा नाही. त्या राहू दिल्या तर काही वर्षांत त्या मूळ झाडाच्या डोक्यावरून जातील आणि खालचे नाजूक झाड सावलीत खंगेल. आंब्याचा दाखला दिलात तर त्यांना पटेल असे वाटते.

काडी वरच्यावर छाटू नका, नाहीतर तिथूनच दोनाच्या चार होतात. माती बाजूला करून ती जिथून निघाली आहे तिथपर्यंत जा आणि खोडाला इजा न करता अगदी मुळाशी काढा. यासाठी ऋतूची वाट पाहण्याचे कारण नाही. झाडाला आकार देणारी मोठी छाटणी मात्र पाने गळून गेल्यावर ऐन थंडीत करावी, कारण हिवाळ्याच्या अखेरीस रस चढू लागला की मेपलच्या जखमा दिवसेंदिवस पाझरत राहतात.

वाफसा:
पानांच्या कडांविषयी मी लिहिते. हे वर्टिसिलियम असण्याची शक्यता मला कमी वाटते. त्या रोगात बहुधा एखादी अख्खी फांदी अचानक मान टाकते, आणि ती तिरपी कापली तर सालीखालच्या लाकडात हिरवट-करड्या रेषा दिसू शकतात. तुमच्याकडे केवळ उन्हाच्या बाजूच्या पानांच्या कडा जळल्या आहेत, म्हणजे मुळांकडून जेवढे पाणी वर येते त्यापेक्षा अधिक पाणी पाने गमावत आहेत. इतक्या पातळ, चिरलेल्या पानाला दुपारचे ऊन सोसत नाही, त्यात डांबराची धग बाजूने लागते. सकाळचे ऊन आणि दुपारनंतर सावली ही या झाडाची खरी आवड आहे.

रोज झारीभर पाणी घालण्यात माया आहे, पण त्याने वरचा इंचभर थरच भिजतो. त्याऐवजी आठवड्यातून एकदा, कडक उन्हाळ्यात दोनदा, नळी अगदी बारीक सोडून फांद्यांच्या घेराखालची सगळी जमीन सावकाश भिजू द्या. पुढचे पाणी देण्यापूर्वी बोट तीन इंच आत घालून पाहा: माती गार लागावी, पण बोटाला चिखल लागू नये. शेतात ज्याला आपण वाफसा म्हणतो, नेमकी तीच स्थिती. पाणी साचलेल्या जमिनीतही मुळे गुदमरतात आणि पाने अशीच करपतात, म्हणून तपासल्याशिवाय पाणी वाढवू नका.

हिरवळीचे खत पुन्हा घालू नका. त्यातील नत्राने लुसलुशीत वाढ होते आणि तीच आधी जळते. त्या खतात तणनाशक मिसळलेले असेल तर झाडाला थेट अपाय होतो, तेव्हा पिशवीवरचा मजकूर एकदा वाचा. करपलेले पान पुन्हा हिरवे-लाल होणार नाही, परंतु फांदी जिवंत असेल तर पुढच्या वसंतात नवी पालवी येईल.

नेवाळी:
वरील दोन्ही सल्ल्यांशी मी सहमत आहे, पण एक प्रश्न कोणीच विचारलेला नाही. झाडाखाली वाकून तुम्ही बुंधा पाहिला आहे का? झुकत्या मेपलचा पदर जमिनीपर्यंत असल्यामुळे त्याचे खोड वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेस पडत नाही. आमच्या पहिल्या मेपलभोवती बागकाम करणारा ठेकेदार दर एप्रिलला लाकडाच्या भुश्शाचा नवा थर टाकायचा, आणि मी तो कौतुकाने पाहत असे. सहाव्या वर्षी पाने करपली म्हणून हात घातला, तर खोड फूटभर गाडले गेले होते आणि ओली, काळी साल बोटाबरोबर सुटून आली. ते झाड गेले. त्याची हळहळ मला अजून वाटते.

खोड जिथे रुंदावून मुळांत उतरते तो भाग उघडा दिसला पाहिजे. आच्छादन दोन-तीन इंचांचे असावे आणि खोडापासून चार बोटे दूर. बुंध्याला वळसा घातलेले मूळ आहे का तेही पाहा, कारण खोड जाड होत गेले की असे मूळ त्याला आवळते.

ओरेगनमधील पोर्टलंडच्या जपानी बागेतील झुकत्या मेपलची छायाचित्रे अनेकांनी पाहिली असतील. छायाचित्रकार तिथे जमिनीलगत बसून छत्रीच्या आतून नागमोडी फांद्या टिपतात. आतल्या वाळक्या काड्या काढून झाड मोकळे ठेवले की तुमचेही खोड असे दिसू लागेल, आणि हिवाळ्यात बर्फाचा भारही कमी साचेल.

सिंहगडरस्ता:
थोडे बाजूचे विचारतो. असे झाड पुण्यात कुंडीत जगेल का?

खुरपे:
मी सुचवणार नाही. या झाडाला हिवाळ्यात काही आठवडे खऱ्या थंडीची झोप लागते. ती पुण्यात मिळत नाही आणि एप्रिल-मेचे कोरडे ऊन त्याला सोसवत नाही. हिमाचलसारख्या थंड डोंगराळ भागात प्रयत्न करण्यासारखा आहे.

एडिसनवासी:
सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी आई आणि मी खाली बसून हातांनीच भुस्सा उपसला. सात-आठ इंच खोड गाडलेले निघाले. साल ओली आहे, पण नखाने किंचित खरवडल्यावर आत हिरवी दिसली. चारही काड्या जोडाच्या खालूनच निघाल्या होत्या आणि रायवळाचे ऐकल्यावर आईने त्या स्वतः काढल्या. उत्तरेच्या बाजूला मात्र अंगठ्याएवढे एक मूळ बुंध्यावरून आडवे गेले आहे. ते या उन्हातच कापावे की थांबावे?

नेवाळी:
साल हिरवी आहे हे वाचून फार बरे वाटले. मूळ आत्ता कापू नका. झाड आधीच तहानलेले असताना त्याचा एक पाणीमार्ग तोडल्यासारखे होईल. पाने गळल्यावर ते खोडात रुतले आहे का ते पाहा. रुतले नसेल तर दोन्ही बाजूंनी कापून अलगद काढा. रुतले असेल तर ओढू नका, वृक्षतज्ज्ञाला दाखवा. तोपर्यंत बुंधा उघडाच राहू द्या, म्हणजे साल वाळेल.