प्रायश्चित्तकाळात ऑर्गन कितपत वाजवावा?

प्रश्न: वसईतील आमच्या चर्चमध्ये मी गायनवृंदाला साथ करतो. अर्पणगीत (मिस्सा या उपासनेत भाकर व द्राक्षरस वेदीवर आणताना गायचे गीत) संपल्यावर धर्मगुरूंची वेदीवरील तयारी पूर्ण होईपर्यंत मी एरवी ऑर्गन वाजवत राहतो. प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, तसे करणे योग्य आहे का?

उत्तर १: नाही. रोमन मिस्साग्रंथाच्या (कॅथलिक मिस्साविधीच्या पुस्तकाच्या) सर्वसाधारण सूचनांतील ३१३ व्या परिच्छेदानुसार या काळात ऑर्गन आणि इतर वाद्ये केवळ गायनाला आधार देण्यासाठी वाजवावयाची असतात. चौथा रविवार, महोत्सव आणि सण एवढेच अपवाद आहेत, त्यामुळे संत योसेफांच्या महोत्सवाला आपण मोकळेपणाने वाजवू शकता.

उत्तर २: पवित्र गुरुवारी (ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी) ग्लोरिया या स्तुतिगीताच्या वेळी वाजलेल्या घंटा पास्का जागरणातील (ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेतील) ग्लोरियापर्यंत मूक राहतात आणि ऑर्गनही तोवर साथीपुरताच असतो. आमच्याकडे साथीविना गाताना दुसऱ्या कडव्यापासून सूर उतरू लागे, म्हणून मी आरंभीचा स्वर देऊन हात उचलतो आणि महिनाभर आधीपासून तसाच सराव घेतो. वेदीजवळची ती शांतता भरून काढण्याची घाई कृपया करू नका. ती विधीचाच भाग आहे.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. येत्या रविवारी अर्पणगीत संपताच मी हात आवरता घेईन.