नव्या विंडोजवर मराठी फॉन्टचं लॉक चालेना, अभंगांचं पुस्तक अडकलंय

मिरजेची डीटीपीवाली
नमस्कार मंडळी. बावीस वर्षं डीटीपी करतेय. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चे अपडेट थांबले म्हणून विंडोज ११ चा पीसी घेतला. जुना एक्स्चेंजमध्ये गेला, हार्डडिस्क तेवढी काढून ठेवली. पुस्तकाची पानं लावायचं पेजमेकर ७ चढलं, फाइल उघडते, पानंही जशीच्या तशी दिसतात. पण मराठी फॉन्ट चालायला यूएसबीत खोचायचं छोटं लॉक लागतं, आणि मराठी टाइप करायला गेलं की ‘लॉक सापडलं नाही’ एवढंच येतं. यूएसबीचे सगळे पोर्ट बदलून पाहिले. विकणाऱ्याला फोन केला, तर म्हणे ते व्हर्जन बंद झालं.

२००६ साली आमच्या गल्लीतल्या कीर्तनकार बुवांच्या अभंगांचं पुस्तक मीच लावलं होतं, २१२ पानं. बुवा गेले. त्यांच्या प्रतीत त्यांनी लाल शाईनं दुरुस्त्या करून ठेवल्यात, त्या घालून वर्षश्राद्धाला दुसरी आवृत्ती काढायची आहे. काही करता येईल का?

कोल्हापूरचा छापखाना
ताई, पेजमेकर जुन्या ३२-बिट पद्धतीचं असलं तरी नवं ६४-बिट विंडोज ते चालवून घेतं. विंडोजला लॉक ओळखायला लावणारा जो ड्रायव्हर असतो, त्याला मात्र ती सवलत नाही, तो ६४-बिटचाच लागतो. आणि विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती निघालेलीच नाही. विंडोज ७ ची ३२-बिट सीडी आणि प्रॉडक्ट की असेल तर व्हर्च्युअलबॉक्स टाका, म्हणजे पीसीच्या आत दुसरा पीसी चालवणारा प्रोग्राम, फुकट आहे. त्याच्या आत विंडोज ७, त्यात पेजमेकर आणि फॉन्ट. मग डिव्हाइसेस मेनूत यूएसबीखाली लॉकवर टिक करा. आतल्या विंडोजला इंटरनेट देऊ नका.

युनिकोडवाली
छपाईचं झालं की मजकूर युनिकोडमध्येही, म्हणजे कुठल्याही संगणकावर लॉकशिवाय वाचता येणाऱ्या अक्षरांत, काढून ठेवा, नाहीतर पुन्हा हीच वेळ येईल. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. जोडाक्षर आलं की जुन्या फॉन्टातून युनिकोड करणारा कन्व्हर्टर चुकतो, ‘भक्ति’चं ‘भकि्त’ करून ठेवतो. रफारही भलत्याच अक्षरावर बसतो. प्रत्येक ओळ मूळ पानाशी ताडून पाहा. अभंगात एक अक्षर हललं तरी चाल मोडते.

मिरजेची डीटीपीवाली
दादा, लॉक ओळखलं! सीडी मिळाली, पुठ्ठ्याच्या खोक्यात तळाशी होती. रात्री साडेअकराला पहिलं मराठी अक्षर उमटलं तेव्हा डोळे भरून आले. लाल शाईतल्या त्रेचाळीस दुरुस्त्यांपैकी एकोणीस झाल्या. सत्तेचाळीसाव्या पानावर मीच ‘दीन’चं ‘दिन’ केलं होतं, बुवांनी त्याभोवती गोल करून ठेवला होता. एवढ्या वर्षांत मला एका शब्दानं बोलले नाहीत. ती वेलांटी आज दीर्घ केली.

युनिकोडचं काम सोमवारपासून घेते. ताई, अडलं तर विचारीन.